मोजमापे उघडी ठेवा: प्रधान वैज्ञानिक सल्लागारांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान वैज्ञानिक सल्लागार,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

ध्वनीच्या सहापट वेगाने जाणाऱ्या यानाच्या पृष्ठभागावर कुठे किती उष्णता पडेल, हे यानाच्या बहुतेक भागापुरते आज बऱ्यापैकी सांगता येते. जिथे ते सांगता येत नाही अशा जागा थोड्या असतात: पंख धडाला मिळतो तो सांधा, नियंत्रणासाठी वळणाऱ्या फ्लॅपच्या बिजागरीची रेषा, इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाची कड. यान घात करते ते मात्र अशाच जागी. या पत्राचा विषय त्या थोड्या जागा हाच आहे, आणि मागणीही एकच आहे. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात मार्च 2017 मध्ये एक मीटरचा हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाचा, विंड टनेल आणि एक मीटरचा शॉक टनेल सुरू झाला. डिसेंबर 2020 मध्ये हैदराबादेत डीआरडीओचा एक मीटर व्यासाच्या नॉझलचा टनेल उभा राहिला. त्यात मॅक 5 ते 12, म्हणजे ध्वनीच्या पाच ते बारा पट, एवढा वेग प्रयोगशाळेत निर्माण करता येतो. या टनेलांच्या वेळेतला एक ठरावीक हिस्सा, कोणत्याही क्षेपणास्त्राशी वा यानाशी नाते नसलेल्या साध्या भौमितिक आकारांसाठी दरवर्षी राखून ठेवावा आणि त्यांवरची सर्व मोजमापे, त्यांतल्या अनिश्चिततेसह, जगासमोर उघडी करावीत, अशी माझी विनंती आहे. एरवी ही गोष्ट एखाद्या खात्याच्या अंतर्गत टिपणापुरती राहिली असती. जाहीरपणे लिहितो आहे, कारण या विषयातली प्रगती आजवर कशी झाली हे पाहिले, तर गुप्तता आणि प्रगती यांचा हिशेब आपण समजतो त्याहून वेगळा निघतो.

आधी प्रश्न काय आहे ते. पृष्ठभागाला अगदी टेकलेली हवा यानाबरोबरच चालते. थोड्या अंतरावर तीच हवा पूर्ण वेगाने मागे पडत असते. या दोहोंमधला पातळ पट्टा म्हणजे सीमास्तर. लुडविग प्रांड्टल यांनी तो 1904 साली मांडला. कमी वेगात हा थर घर्षणापुरता उपद्रव देतो. हायपरसॉनिक वेगात हवेच्या गतीची उष्णता होते ती याच थरात: 30 किलोमीटर उंचीवर मॅक 6 ने येणारी हवा थांबवली, तर तिचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ होते आणि थर जाड होत जातो. आता दुसरा घटक, आघाततरंग, म्हणजे शॉक वेव्ह: केसाहून कितीतरी बारीक जाडीचा पडदा, ज्यातून जाताना हवेचा दाब, घनता आणि तापमान एका झटक्यात वाढते. हा तरंग सीमास्तरावर आदळला की गुंता सुरू होतो. बाहेरच्या स्वनातीत प्रवाहात पुढच्या दाबवाढीची वर्दी मागच्या हवेला मिळूच शकत नाही. पण भिंतीलगतच्या हवेचा वेग ध्वनीपेक्षा कमी असल्यामुळे त्या चिंचोळ्या वाटेने ती वर्दी प्रवाहाविरुद्ध जाते. तिथल्या मंद हवेत वाढत्या दाबाला तोंड देण्याइतका जोर नसतो. ती थबकते, पृष्ठभाग सोडते, आणि तिच्याखाली गोल फिरणाऱ्या हवेचा एक फुगा तयार होतो. हा फुगा बाहेरच्या प्रवाहाला उंचवट्यासारखा वाटतो, म्हणून त्याच्या पुढच्या टोकाशी नवा आघाततरंग उठतो. मागे प्रवाह पुन्हा पृष्ठभागाला भिडतो तिथे आणखी एक. भिडण्याच्या या जागी थर दाबला जाऊन पातळ होतो आणि उष्णतेचा मारा शिगेला पोचतो. अडचण अशी की तरंग थराचे रूप बदलतो आणि बदललेला थर तरंगाची जागा बदलतो. आधी एक सोडवा, मग दुसरे, अशी सोय इथे नाही.

याची किंमत काय असते, ते 3 ऑक्टोबर 1967 रोजी दिसले. त्या दिवशी विल्यम नाइट या वैमानिकाने एक्स-15 हे अमेरिकन संशोधन विमान मॅक 6.7 पर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 7,270 किलोमीटर वेगाने नेले. विमानाच्या पोटाखाली एका खांबावर रॅमजेट इंजिनाचा नुसता सांगाडा लटकवलेला होता, आणि सगळ्या विमानाला उष्णतारोधक लेप दिलेला होता. इंजिनाच्या सांगाड्यापासून निघालेले आघाततरंग त्या खांबावर आदळले. इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूचा तो खांब. उष्णता सोसण्यासाठीच निवडलेला. त्याला आरपार भोके पडली आणि विमान उतरण्यापूर्वी इंजिनाचा सांगाडा निखळून खाली गेला. नाइट सुखरूप उतरले, वेगाचा विक्रम झाला, पण ते विमान पुन्हा कधी उडाले नाही. लेप जाड असता तर भागले असते, असे म्हणणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी: जिथे भोके पडली ती जागा एवढी तापेल हा अंदाजच कुणाच्या हिशेबात नव्हता. जाडी वाढवायची तरी कुठे, हे आधी माहीत असावे लागते.

पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये, स्टॉकहोमच्या विमानविद्या संशोधन संस्थेत बॅरी एडनी यांचा अहवाल निघाला. बोथट नाकासमोरच्या आघाततरंगावर दुसरा आघाततरंग बाहेरून येऊन आदळला तर काय होते, याचे त्यांनी सहा प्रकार पाडले. आजही जगभर ते त्यांच्याच नावाने आणि त्याच क्रमांकांनी ओळखले जातात. त्यांतला चौथा प्रकार सर्वांत घातकी. दोन तरंगांच्या छेदातून स्वनातीत हवेचा एक अरुंद झोत सुटतो आणि गॅस वेल्डिंगच्या ज्योतीसारखा पृष्ठभागावर एका बिंदूवर रोखला जातो. तिथली उष्णता एरवीच्या कमाल उष्णतेच्या दहापटीहूनही अधिक होऊ शकते. तरंगाची जागा जराशी हलली तरी चौथ्या प्रकाराचा तिसरा होतो आणि धोक्याची जागा सरकते. एक्स-15 ला काय झाले याचा खुलासा अशा प्रकारच्या अभ्यासातून होऊ शकला. इथे माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या देशांना हा विषय जिव्हाळ्याचा होता. तरीही एडनींचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या उड्डाणातल्या नुकसानीचा अहवाल नासानेही छापला. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचता आले म्हणून ते उपयोगी ठरले.

उष्णतेइतकीच त्रासदायक बाब म्हणजे हा फुगा स्थिर नसतो. तो लहानमोठा होत राहतो, आणि त्याबरोबर आघाततरंग पुढेमागे हेलकावतो. सीमास्तरातल्या खळबळीच्या तुलनेत हे हेलकावे शंभर पटीने संथ असतात. ते कशामुळे होतात यावर अजून एकमत नाही. टेक्सासमधल्या प्रयोगांतून पुढून येणाऱ्या सीमास्तरातल्या लांबलचक पट्ट्यांकडे बोट दाखवले गेले. मार्सेयच्या गटाने फुग्याच्या स्वतःच्या श्वासोच्छ्वासाकडे. यांतले बरेचसे प्रयोग स्वनातीत, पण हायपरसॉनिकपेक्षा कमी वेगांवरचे आहेत. वरच्या वेगांवरची मोजमापे तुलनेने विरळ. हा वाद केवळ पंडितांचा नाही, कारण स्क्रॅमजेट इंजिनाचे (स्वनातीत वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाचे) तोंड म्हणजे एकापाठोपाठ एक आघाततरंगांची आणि सीमास्तरांची गाठभेट घडवून हवा दाबण्याची युक्ती असते. फुगा वाजवीपेक्षा वाढला की आतली तरंगमाला तोंडाबाहेर फेकली जाते आणि इंजिन हवा घेणेच थांबवते. जून 2011 मध्ये अमेरिकेच्या एक्स-51ए या यानाच्या दुसऱ्या उड्डाणात, एका इंधनावरून दुसऱ्यावर जाताना असेच झाले आणि उड्डाण आटोपते घ्यावे लागले. आपण 28 ऑगस्ट 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून आणि 7 सप्टेंबर 2020 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून स्क्रॅमजेट पेटवून दाखवले. पहिले पाच सेकंद, दुसरे वीस सेकंदांच्या वर. जमिनीवरच्या चाचण्यांत आता याहून कितीतरी लांबचा पल्ला गाठला आहे. उड्डाणात तो गाठायचा, म्हणजे वेग, उंची आणि यानाचा कल बदलत असताना त्या फुग्याला काबूत ठेवायचे.

आता आपल्या कचेरीत या प्रस्तावावर पहिला शेरा पडेल तो कदाचित असा: एवढे सुपर-कॉम्प्युटर घेतले, गणिते करून घ्या. या शेऱ्याचे उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात मिळते, आणि ते दोन्ही बाजूंना थोडे खजील करणारे आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मायकेल होल्डन आणि सहकाऱ्यांनी एक अगदी साधा आकार घेतला: 25 अंशांचा शंकू, त्याला मागे जोडलेला 55 अंशांचा दुसरा शंकू. पहिल्या शंकूचा तरंग दुसऱ्याच्या तरंगाला छेदतो, दोहोंच्या सांध्यात फुगा तयार होतो, म्हणजे आपला सगळा प्रश्न एका वीतभर वस्तूत मावतो. मुद्दाम प्रवाह स्तरीय, शांत ठेवला, म्हणजे खळबळीच्या प्रतिरूपांना दोष देता येऊ नये. वायू शुद्ध नायट्रोजन. मग संगणकवाल्यांना सांगितले, आकडे न पाहता उत्तर काढा. उत्तरे आली आणि एक विचित्र गोष्ट दिसली. जिथे कोणताही गुंता नाही त्या पहिल्या शंकूवरच संगणकातली उष्णता मोजलेल्या उष्णतेपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जास्त येत होती. सर्वांत सोप्या भागावर एवढी चूक म्हटल्यावर संशय संगणकावर जाणे स्वाभाविक होते. पण मिनेसोटा विद्यापीठातल्या नॉम्पेलिस आणि कँडलर यांनी होल्डन यांच्यासह 2003 मध्ये दाखवले की दोष मुख्यतः प्रवाहाच्या वर्णनात होता. शॉक टनेलच्या टाकीत तापलेला नायट्रोजन नॉझलमधून इतक्या झपाट्याने प्रसरण पावतो की रेणूंच्या कंपनात साठलेली ऊर्जा मोकळी व्हायला वेळच मिळत नाही. ती तिथेच गोठून राहते. त्यामुळे मॉडेलवर येणाऱ्या वायूची गतिज ऊर्जा सगळे धरून चालले होते त्यापेक्षा कमी होती. ही गोठलेली ऊर्जा हिशेबात धरली आणि उष्णतेचे आकडे जुळू लागले.

या प्रकरणाकडे मी जरा रेंगाळून पाहतो, कारण त्यात दोन्ही पक्ष एकमेकांचे परीक्षक झाले. संगणकाला प्रयोगाने पकडायचे होते. प्रयोगालाच संगणकाने पकडले. होल्डन यांनी आकडे कपाटात ठेवले असते तर टनेलमधला हा गुणधर्म किती वर्षे दडून राहिला असता कोण जाणे. आणि यावरून कुणी म्हणेल की आता तर संगणक जिंकला, तर तेही घाईचे. त्याच प्रयोगशाळेने पुढे अधिक ऊर्जेच्या प्रवाहावर, हवेतच, दुहेरी शंकू आणि पोकळ नळीला जोडलेला फ्लेअर, म्हणजे मागे रुंदावत जाणारा घेर, यांची नवी मोजमापे घेतली आणि पुन्हा एकदा आकडे झाकून जगभरच्या गटांना आव्हान दिले. 2014 मध्ये तुलना झाली तेव्हा अनेक गटांच्या उत्तरांत आणि मोजमापांत, विशेषतः फुग्याच्या लांबीत व उष्णतेच्या शिखरात, ठळक तफावत राहिली. खळबळीच्या प्रवाहात तर स्थिती याहून अवघड आहे. नेहमीची प्रतिरूपे असे गृहीत धरतात की खळबळ सरासरी प्रवाहाशी सावकाश जुळवून घेत जाते. आघाततरंगातून जाताना तिला तशी सवड नसते. आयआयटी मुंबईचे कृष्णेंदू सिन्हा यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर, हेलकावणाऱ्या तरंगाचा परिणाम या प्रतिरूपांत कसा धरावा यावर 2003 पासून प्रसिद्ध केलेले काम जगात वापरले जाते. या कामाची पारख करायला मोजमापे लागतात. ती कुठल्या देशातल्या टनेलची असावीत, हा प्रश्न आपल्यासारख्या पदावरील व्यक्तीने विचारावा असा आहे.

टनेलही सगळे खरे सांगतो असे नाही. गार टनेलमध्ये मॅक अंक मिळतो पण खरे तापमान मिळत नाही. शॉक टनेलमध्ये ऊर्जा मिळते पण काही मिलिसेकंदांपुरती. आणि सामान्य टनेलच्या भिंतींवरून उठणारा आवाज मॉडेलवरच्या शांत सीमास्तराला वेळेआधी खवळवतो, म्हणून पर्ड्यू विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी मुद्दाम नीरव टनेल बांधावे लागले. एप्रिल 1981 मध्ये कोलंबिया शटल पहिल्यांदा परतले, तेव्हा त्याचे नाक योग्य कोनात धरायला मागचा फ्लॅप अंदाजाच्या दुपटीहून जास्त वळवावा लागला; एवढ्या वर्षांच्या टनेल-चाचण्यांनंतर. अमेरिकेचे एचटीव्ही-2 हे यान ऑगस्ट 2011 मध्ये मॅक 20 च्या आसपास नऊ मिनिटे उडाले आणि हरवले. चौकशीचा निष्कर्ष असा की कातडीचे तुकडे अपेक्षेहून मोठ्या प्रमाणात सोलले गेले आणि त्या खाचांमुळे उठलेल्या जोरदार आघाततरंगांनी यान उलथवले. म्हणून गणना, टनेल आणि उड्डाण या तिन्ही साक्षी एकमेकींसमोर उभ्या कराव्या लागतात. याचा नमुना अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या हायफायर प्रकल्पाने घालून दिला. 22 मार्च 2010 रोजी वूमेराहून एका साउंडिंग रॉकेटच्या टोकावर एक शंकू, एक नळकांडे आणि मागे 33 अंशांचा फ्लेअर एवढीच वस्तू उडवली. तिचे काम एकच: सीमास्तर कुठे खवळतो आणि फ्लेअरच्या सांध्याशी आघाततरंगाबरोबर त्याचे काय होते, हे मोजणे. तोच आकार आधी टनेलमध्ये तपासला होता, आणि सगळे निष्कर्ष नियतकालिकांतून छापले गेले. ज्या देशांनी हे केले त्यांच्याकडे शस्त्रांचे कार्यक्रम नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. हायपरसॉनिक तंत्रज्ञान हे शस्त्राचे तंत्रज्ञान आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आपण लांब पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. अशा वेळी मोजमापे उघडी करणे म्हणजे शत्रूच्या हाती किल्ली देणे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. यानाचा प्रत्यक्ष आकार, उष्णतारोधक साहित्याची कृती, मार्गदर्शन प्रणाली, इंजिनाच्या तोंडाची मापे, उड्डाणाचा मार्ग, हे सर्व बंद राहिलेच पाहिजे, आणि कोणते मोजमाप त्या बाजूला जाते हे ठरवायला लष्कराच्या माणसाला नकाराचा अधिकारही असावा. पण 25 आणि 55 अंशांचा शंकू हे कुणाचे क्षेपणास्त्र नाही. त्याची मोजमापे शत्रूकडे बफेलोहून आधीच पोचलेली आहेत. ती आपल्या टनेलमधून पुन्हा घेतल्याने शत्रूला फार तर एवढे कळेल की आपला टनेल चांगला आहे. आपल्याला मात्र हे कळेल की तो खरोखर चांगला आहे का.

गुप्ततेची रेषा दुसऱ्या टोकाला ओढली की काय होते, तेही आपल्यासमोर आहे. नोवोसिबिर्स्कच्या ख्रिस्तियानोविच संस्थेतले अनातोली मास्लोव हे हायपरसॉनिक सीमास्तराच्या अस्थिरतेवरचे जगन्मान्य नाव. 2022 मध्ये त्यांना आणि संस्थेचे प्रमुख अलेक्झांडर शिप्ल्युक यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, 2023 मध्ये आणखी एका सहकाऱ्याला. 2024 मध्ये मास्लोव यांना 14 वर्षे आणि शिप्ल्युक यांना 15 वर्षे कैद झाली. खटले बंद दाराआड चालले, त्यामुळे आतला पुरावा बाहेर कोणाला पाहता आला नाही. पण मे 2023 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खुले पत्र काढून सांगितले होते की या शास्त्रज्ञांचे निबंध आणि व्याख्याने गुप्त माहितीच्या दृष्टीने वेळोवेळी तपासली गेली होती, आणि अशा वातावरणात तरुण या क्षेत्राकडे पाठ फिरवत आहेत. आपल्याकडे तशी स्थिती नाही, आणि तशी आहे असे मी सुचवतही नाही. सुचवतो ते एवढेच की काय उघडे आहे याची रेषा आधी लेखी आखलेली नसली की संशोधक सावधगिरी म्हणून सगळेच बंद ठेवतो, आणि ही सावधगिरी कोणत्याही आदेशाशिवाय पसरते.

आपली स्वतःची परंपरा याच्या उलट आहे, आणि गंमत म्हणजे ती याच विषयातून सुरू होते. 1950 च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हान्स लीपमन यांच्या हाताखाली एक भारतीय विद्यार्थी काम करत होता. लीपमन, अनातोल रॉश्को आणि तो विद्यार्थी, अशा तिघांच्या नावावर 1952 मध्ये अमेरिकेच्या नाका या सरकारी संस्थेचा 1100 क्रमांकाचा अहवाल निघाला: सीमास्तरावरून आघाततरंगांचे परावर्तन. थर स्तरीय असेल तर तरंगाचा प्रभाव प्रवाहाविरुद्ध किती दूरवर जातो आणि खवळलेला असेल तर किती कमी, हे त्यात मोजून दाखवले आहे. तो विद्यार्थी म्हणजे सतीश धवन. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतून त्यांनी स्वनातीत प्रवाहाचे टनेल बांधले, पुढे 1972 पासून इस्रोची धुरा वाहिली. तिरुअनंतपुरमच्या टनेल-संकुलाला आज त्यांचेच नाव आहे. कोरियात युद्ध चालू असताना एका परदेशी विद्यार्थ्याचे नाव असलेला हा अहवाल अमेरिकी सरकारने छापला आणि कुणालाही वाचता आला. थुंबाच्या रॉकेट तळाचे उदाहरण तर याहून जवळचे: नोव्हेंबर 1963 मध्ये तिथून पहिले रॉकेट उडाले ते अमेरिकन बनावटीचे, आणि फेब्रुवारी 1968 मध्ये तो तळ संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले गेले. वरच्या वातावरणाची मोजमापे सर्वांसाठी खुली ठेवून आपण आपला अवकाश कार्यक्रम दुबळा केला नाही.

परदेशी मोजमापे फुकट उपलब्ध आहेत, मग स्वतःची कशाला, असे विचारणारेही भेटतील. पहिली गोष्ट, ती उद्या मिळतील याची हमी नाही. दुसरी आणि मोठी गोष्ट नायट्रोजनच्या त्या कथेत आहे: प्रत्येक टनेलचा प्रवाह स्वतःच्या खोडी घेऊन येतो, आणि त्या त्याच टनेलमध्ये, माहीत असलेल्या आकारावर मोजल्याशिवाय कळत नाहीत. बफेलोचे आकडे हैदराबादच्या नॉझलची खोड सांगू शकत नाहीत. खर्चाचा आक्षेप मला यात सर्वांत हलका वाटतो. टनेल बांधून झाले आहेत. शंकू खराद यंत्रावर करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. आणि 2016 मध्ये स्क्रॅमजेट नेणारे एटीव्ही हे मुळात साउंडिंग रॉकेटच आहे, म्हणजे आपला स्वतःचा हायफायर उडवायला लागणारे वाहन हाताशी आहे. इस्रोच्या पुनर्वापरक्षम पुष्पक यानाचे उतरण्याचे प्रयोग चित्रदुर्गला 2023 आणि 2024 मध्ये झाले. त्या मालिकेतले यान पुढे कक्षेतून परत आणायचे, तर त्याच्या मागच्या फ्लॅपच्या बिजागरीशी हाच फुगा बसलेला असणार.

मग नेमके काय करावे? अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या कार्यकारी परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे, त्यामुळे विद्यापीठांच्या बाजूचा पैसा आणि प्रयोगशाळांच्या बाजूचा वेळ एकत्र आणणे आपल्याला शक्य आहे. दुसऱ्या कोणा एका खात्याला ते जमण्यासारखे नाही. टनेलच्या वर्षभराच्या वेळापत्रकात दहावा हिस्सा बाजूला काढला तरी पुरे, असा माझा अंदाज आहे. कमी-जास्त ठरवायला टनेल चालवणारे समर्थ आहेत. मॉडेलवरचे दाब आणि उष्णतेचे आकडे प्रसिद्ध करणे पुरेसे नाही. टाकीतला दाब, नॉझलमधल्या प्रवाहाची तपासणी, भिंतीचे तापमान, प्रत्येक गेजची त्रुटी, फसलेल्या फेऱ्या, आणि फुगा हेलकावतो आहे का हे दाखवणारी वेगवान छायाचित्रे, हे सारे त्याच नोंदीत असावे. होल्डन यांच्या आकड्यांचे मोल ते टाकीपासूनच्या तपशिलासह दिले होते म्हणून. नुसता आलेख छापला असता तर नॉम्पेलिस आणि कँडलर यांना धरायला काही नव्हते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही याचा अर्थ मोठा आहे. पवई, बंगळुरू, चेन्नई, कानपूर येथे या विषयावर पीएचडी करणाऱ्याला आज आपले गणित परक्या देशातल्या आकड्यांशी ताडून पाहायची सवय आहे. त्याला आपल्याच टनेलच्या माणसाला फोन करून गेज कुठे बसवले होते हे विचारता आले, तर त्याच्या कामाची जातच बदलेल.

पहिल्या फेरीचा आकार ठरवायला समिती नेमण्याचे कारण नाही. 25 आणि 55 अंशांचा तोच दुहेरी शंकू घ्यावा, म्हणजे जुन्या आकड्यांशी सांगड घालता येईल. प्रत्येक टनेलच्या मापाने तो लहान-मोठा करून तिरुअनंतपुरम आणि हैदराबाद येथे बसवावा. भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई यांचे शॉक टनेलही सामील करून घ्यावेत. देशातल्या प्रत्येक गणक-गटाने आपले उत्तर कोणत्या तारखेपर्यंत बंद लिफाफ्यात द्यायचे ती तारीख पहिल्या मोजमापाच्या आधीची असावी, आणि लिफाफे सर्वांसमक्ष उघडावेत. चार ठिकाणांहून चार वेगळे आकडे आले, तर त्यांची सरासरी काढू नये; चारही, जसे आले तसे, छापावेत.

आपला नम्र,
एक मराठी विज्ञानलेखक